फॉग लॅम्प अंधुक वाटतात? वॅट वाढवायच्या आधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. कंपनीकडून फॉग लॅम्प आले नव्हते, म्हणून ॲक्सेसरीच्या दुकानातून एच ११ बल्बचे ५५ वॅटचे दिवे बसवून घेतले. पावसाळ्यात दर आठवड्याला सावंतवाडीहून आंबोलीमार्गे बेळगावला जाणं होतं. एरवी उजेड पिवळट आणि कमी पडतो, धुक्यात तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते, आणि डॅशबोर्डवरचा स्विच हाताला गरम लागतो. दुकानदार म्हणतो १०० वॅटचे बल्ब टाका, नाहीतर पांढरे एलईडी बल्ब घ्या. यातलं काय घ्यावं आणि घरच्या घरी करता येईल का?

घरी करता येईल. पण दोन्ही पर्यायांवर आत्ता पैसे घालू नका. तुमच्या वर्णनात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र झाल्या आहेत. उजेड कमी पडणं आणि स्विच गरम होणं ही वायरिंगची तक्रार आहे. धुक्यात पांढरी भिंत दिसणं ही दिव्याच्या जातीची आणि तो कुठे रोखलाय त्याची तक्रार आहे. बल्ब बदलून यातली एकही जात नाही. १०० वॅटने पहिली वाढेल, पांढऱ्या एलईडीने दुसरी.

आधी धुक्याचं पाहू, कारण खरेदीचा निर्णय त्यावर ठरतो. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. आंबोलीत तर जुलै-ऑगस्टमध्ये आपण ढगातूनच गाडी चालवत असतो. दिव्याचा प्रकाश या थेंबांवर आपटून परत डोळ्यांत येतो. तुमचे डोळे आणि रस्ता यांच्या मधलं धुकं जितकं जास्त उजळेल तितका रस्ता कमी दिसेल. म्हणून फॉग लॅम्प बम्परमध्ये खाली असतो आणि त्याचा झोत रुंद, चपटा, वरच्या बाजूने सुरीने कापल्यासारखा असतो. वर प्रकाश जायलाच नको. बाजूची पांढरी पट्टी, गटाराची कड, कठड्याचा पायथा एवढं दिसलं की त्याचं काम झालं. वरची कड नीट कापलेली नसेल तर बल्ब ५५ चा असो की १०० चा, तुम्ही फक्त धुकं उजळवताय.

पिवळ्या रंगाबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकतो. पिवळा प्रकाश धुकं ‘भेदून’ जातो असं सर्रास सांगितलं जातं. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा बरेच मोठे असतात, त्यामुळे ते निळा, पिवळा, पांढरा सगळा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात. पिवळ्याचा फायदा वेगळा आहे: निळा भाग काढून टाकल्यामुळे डोळ्यांना चमक कमी त्रास देते आणि ओला डांबरी रस्ता जरा निवांत पाहता येतो. घाटात तासभर गाडी चालवणाऱ्याला तो फरक जाणवतो. मात्र पिवळा थर थोडा उजेड खातोच. म्हणून पिवळा घ्यायचा असेल तर चांगल्या बनावटीचा ५५ वॅटचा घ्या, आणि झोतच चुकीचा असेल तर पिवळ्याकडून काही आशा ठेवू नका.

आता तुमचे सध्याचे दिवे खरोखर फॉग लॅम्प आहेत का ते बघा. दुकानांत ‘फॉग’ म्हणून विकले जाणारे कितीतरी दिवे प्रत्यक्षात लांब पल्ल्याचे, म्हणजे ड्रायव्हिंग किंवा स्पॉट लॅम्प असतात. ओळखायच्या दोन सोप्या रीती आहेत. पहिली, काचेवरची खूण. युरोपीय नियमांनुसार मंजूर दिव्यावर वर्तुळात ‘ई’ आणि एक आकडा असतो, आणि शेजारी दिव्याचा प्रकार: फॉग लॅम्पला ‘बी’ किंवा नव्या वर्गाचा ‘एफ ३’. तिथे ‘एचआर’ किंवा नुसतं ‘आर’ असेल तर तो हाय बीमचा दिवा आहे, तो धुक्यात लावायचाच नाही. काहीच खूण नसेल तर दुसरी रीत. रात्री सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा आणि फक्त एक दिवा चालू ठेवून दुसरा वहीच्या पुठ्ठ्याने झाका. भिंतीवर रुंद आडवा पट्टा आणि वरती स्वच्छ रेघ दिसली तर फॉग लॅम्प. गोल ठिपका दिसला, किंवा वरच्या बाजूला उजेड हळूहळू विरत गेला, तर तो दिवा धुक्याच्या कामाचा नाही. त्याची वायरिंग सोन्याची केलीत तरी नाही.

दिवा बदलायची वेळ आली तर माझी पसंती ठरलेली आहे: तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीकडून येतो तो दिवा आणि त्याची जाळी. खाचा जुळतात, उंची बरोबर येते, वर-खाली करायचा स्क्रू हात पोचेल अशा जागी असतो. कायद्याच्या बाजूनेही हाच रस्ता सुरक्षित. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत फेरबदल करण्याविरुद्ध आहे, आणि कंपनीने त्याच मॉडेलला दिलेला दिवा त्याच जागी बसवण्यावर बोट ठेवणं कठीण. बम्परच्या वर किंवा टपावर लावलेल्या दिव्यांच्या पट्ट्यांचं तसं नाही.

एलईडीचं उत्तर ‘कुठला एलईडी’ यावर अवलंबून आहे. अख्खा दिवाच एलईडीसाठी घडवलेला असेल आणि त्यावर ‘एफ ३’ खूण असेल तर तो उत्तम पर्याय आहे: वीज कमी खातो, वायरिंगवर ताण नाही, आयुष्य मोठं. पण हॅलोजनच्या घरात टाकायचा एलईडी बल्ब मी सुचवत नाही. एच ११ ची तार म्हणजे जेमतेम साडेचार मिलिमीटर लांबीचा एक तेजस्वी दंड, आणि दिव्याचा आरसा नेमक्या त्या जागेतून चारी बाजूंना निघणाऱ्या प्रकाशासाठी वळवलेला असतो. एलईडी बल्बमध्ये तिथे पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात. त्या अर्धा-एक मिलिमीटर पुढे-मागे असल्या किंवा बल्ब थोडा फिरून बसला की वरची रेघ फुटते आणि उजेड वर उसळतो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि तुम्हाला तीच पांढरी भिंत दिसते, आधीपेक्षा जास्त पांढरी. शिवाय मागचा छोटा पंखा आंबोलीच्या पावसात किती दिवस फिरेल हा प्रश्न वेगळाच.

१०० वॅटचा विचार तर सोडूनच द्या. ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला साधारण ४.६ अँपिअर ओढतो, जोडी ९.२. शंभराची जोडी १६ च्या वर जाते. तुमचा स्विच ९ अँपिअरलाच गरम होतोय. त्यात दिव्याचं घर प्लास्टिकचं, आरशावर पातळ मुलामा. शंभराच्या उष्णतेने मुलामा काळवंडतो, होल्डर ठिसूळ होऊन कपलर (बल्बला वायर जोडणारा प्लग) चिकटून बसतो आणि पुढे बल्ब काढताना होल्डरचेच तुकडे हातात येतात.

आता वायरिंग. गरम स्विच सांगतोय की दुकानदाराने रिले (बारीक प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) घातलेला नाही आणि सगळा प्रवाह स्विचमधूनच नेलाय. बॅटरीपासून वायर केबिनमध्ये, स्विचमधून परत बम्परकडे, असा सहज पाच मीटरचा प्रवास होतो. ही वायर बहुतेक ०.५ चौरस मिलिमीटरची असते. हिशोब केला तर ९ अँपिअरला एवढ्या वायरीतच सुमारे दीड व्होल्ट खर्च होतात, स्विच आणि सैल जोड वेगळे. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, त्याहून फार वेगाने पडतो, साधारण ३.४ घाताने. एच ११ चे १३५० ल्यूमेन (उजेडाचं माप) हे १३.२ व्होल्टला मोजलेले असतात. दीड व्होल्ट कमी मिळाला की त्यातला जवळपास एक तृतीयांश उजेड गेला आणि उरलेला पिवळट झाला. २.२ व्होल्ट गळाले तर उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो.

हे अंदाजाने मानू नका, मोजा. साध्या मल्टीमीटरला डीसी २० व्होल्टवर ठेवा, इंजिन चालू, दोन्ही फॉग लॅम्प चालू. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी बल्बच्या कपलरमागे पॉझिटिव्ह वायरच्या टर्मिनलला लावा. जो आकडा येईल तेवढा व्होल्टेज वाटेत गळतोय. मग तसंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून बल्बच्या काळ्या वायरपर्यंत. पॉझिटिव्ह बाजूला ०.३ आणि अर्थच्या, म्हणजे निगेटिव्हच्या, बाजूला ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, त्यापुढे दुरुस्ती हवी. मोजताना बल्ब जोडलेला आणि पेटलेला हवा. कपलर काढून मोजलंत तर प्रवाहच वाहत नाही, गळती दिसत नाही, आणि कपलरच्या दोन टर्मिनलांमध्ये मोजलंत तर मीटर बॅटरीइतकाच आकडा दाखवून फसवतं. ‘व्होल्टेज बरोबर आहे, बल्बच खराब’ हा निष्कर्ष बहुतेक वेळा इथून निघतो.

गळती निघाली, आणि तुमच्या लक्षणांवरून निघणारच, तर नवी लाइन ओढा. सामान असं घ्या: १२ व्होल्ट ३० अँपिअरचा चार पिनांचा रिले आणि त्याचा सॉकेट, झाकणवाला वॉटरप्रूफ फ्यूज होल्डर आणि १५ अँपिअरचे दोन-तीन ब्लेड फ्यूज, बॅटरी ते रिले यासाठी २.५ चौ. मिमी लाल वायर दोन मीटर. रिलेपासून दोन्ही दिव्यांना १.५ चौ. मिमी वायर पाच मीटर आणि अर्थसाठी तेवढ्याच जाडीची काळी तीन मीटर, स्विचसाठी ०.७५ ची पाच मीटर. शिवाय एच ११ चे दोन कपलर, गोल लग, ६.३ मिमीचे स्पेड टर्मिनल, आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), कॉरुगेटेड पाइप, केबल टाय आणि एक रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसणारी कडी). तयार हार्नेस (आधीच जोडलेला वायरींचा संच) घेतला तरी चालतो, फक्त आतली तार तपासा. एका टोकाचं इन्सुलेशन सोलून एक धागा ब्लेडने खरवडा. आतपर्यंत लाल दिसला तर तांबं. वरचा लाल थर जाऊन खाली पांढरं चमकलं तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ते परत करा, समुद्राजवळच्या दमट हवेत क्रिम्पच्या, म्हणजे टर्मिनल दाबून केलेल्या जोडाच्या, आत त्याची पावडर होते.

जोडणी चारच पिनांची आहे. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूज, फ्यूजपासून रिलेची ३० नंबरची पिन. ८७ नंबरमधून दोन्ही दिव्यांना फाटे. ८६ ला स्विचकडून येणारी बारीक वायर. ८५ बॉडी अर्थला. आता स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा प्रवाह जातो, तो ०.२ अँपिअरच्या आत असतो, त्यामुळे सध्याचाच स्विच निवांत चालेल. पाच पिनांचा रिले हाती आला तर मधली पिन बघा. तिच्यावर ‘८७ ए’ असेल तर रिले बंद असताना तिथे बॅटरीचा प्रवाह असतो. ती मोकळी सोडा आणि सॉकेटमध्ये तिच्या जागी टर्मिनल घालू नका. काही रिलेंमध्ये मधली पिन दुसरी ८७ असते. रिलेच्या अंगावर आकृती छापलेली असते, तीच प्रमाण.

फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवा. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तिला अडवणारं काहीच नाही, म्हणून तो तुकडा जितका आखूड तितका बरा. १० अँपिअरचा फ्यूज घालू नका, ९.२ चा सततचा भार आणि थंड फिलामेंट पेटताना क्षणभर येणारा मोठा झटका यामुळे तो ऐन घाटात उडेल. आणि फ्यूज उडतोय म्हणून कुणी ३० चा घालून दिला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.

स्विचला सप्लाय कुठून घ्यायचा हे गाडीवर अवलंबून आहे. मी पार्किंग लाइटच्या वायरवरून घेतो. त्यामुळे फॉग लॅम्प पार्किंग लाइटशिवाय लागत नाहीत, मागचे दिवेही आपोआप चालू राहतात, आणि गाडी बंद करून उतरताना बझर असेल तर तो आठवण करून देतो. तुमच्या काळातल्या साध्या वायरिंगच्या गाडीत हे सरळ जमतं. गाडीत पार्किंग लाइट बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडून (गाडीचे दिवे वगैरे सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याकडून) तुटक-तुटक प्रवाहावर चालत असतील तर रिले किरकिरतो. तसं झालं तर फ्यूज बॉक्समध्ये इग्निशनसोबत चालू होणाऱ्या फ्यूजच्या जागी फाट्याचा होल्डर घालून तिथून घ्या. कोणत्याही परिस्थितीत स्टिअरिंगच्या कॉलममध्ये हात घालू नका आणि पिवळ्या आवरणातल्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका. त्या एअरबॅगच्या असतात.

प्रत्यक्ष कामाला सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह काढण्यापासून. बहुतेक गाड्यांना १० चा पाना लागतो. मग पूर्ण बम्पर उतरवायची घाई करू नका. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं आवरण पुढच्या बाजूने तीन-चार स्क्रू आणि क्लिपा काढून बाजूला वाकवा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये फॉग लॅम्पच्या मागे हात तिथूनच जातो. क्लिपांचा मधला भाग आधी वर काढावा लागतो, सरळ उपटलं तर तुटतात. चार-सहा जादा क्लिपा आणून ठेवा.

वायर ओढताना रेडिएटरचा पंखा, एक्झॉस्ट आणि धारदार पत्रा टाळा. रिले बॅटरीजवळ, पिना खाली तोंड करून बसवा म्हणजे पाणी आत साठणार नाही. केबिनमध्ये शिरताना मूळ वायरिंगचा रबरी ग्रोमेट असतो, त्यालाच बारीक भोक पाडून वायर न्या. पत्र्याला नवं भोक पाडलंत तर तिथे ग्रोमेट हवाच. आत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोल द्या. पाणी त्या झोलाच्या तळाशी येऊन गळून पडतं. झोल नसेल तर वायरीवरून ओघळत थेट तुमच्या पायाखालच्या कार्पेटमध्ये येतं. केबिनच्या आत वायर पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब बांधा.

जोड क्रिम्प करा आणि त्यावर गोंदवाली हीट श्रिंक चढवा. वायर न कापता वरून दाबून लावायचे निळे टॅप दिसायला सोयीचे असतात, पण त्यांचं पातं वायरीचं आवरण कापतं आणि त्या फटीतून पाणी तारेत शिरतं. कोकणात दुसऱ्या पावसाळ्यात तिथे हिरवा गंज सापडतो. नुसत्या इन्सुलेशन टेपचंही तेच, इंजिनच्या उष्णतेने गोंद वितळून टेप सुटते.

अर्थकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि माझ्याकडे ‘एक दिवा मंद’ म्हणून येणाऱ्या गाड्यांमध्ये दोष बहुतेक तिथेच सापडतो. बम्पर प्लास्टिकचा, दिव्याची पट्टी प्लास्टिकला लावलेली, म्हणून काळी वायर खऱ्या पत्र्यापर्यंत गेली पाहिजे. शॅसीवरचा एक बोल्ट निवडा, त्याखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू काढा, लग बसवून घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी नाही, आवळल्यानंतर.

बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल गरम काचेवर जळून डाग धरतं आणि तिथेच काच फुगते. लागलंच तर सर्जिकल स्पिरिटने पुसा. आणि एच ८, एच ९, एच ११, एच १६ हे दिसायला भावंडं असले तरी खाचा वेगळ्या असतात: एच ८ हा ३५ वॅटचा, एच १६ हा १९ वॅटचा. बसत नाही म्हणून खाच तासून बसवणारे भेटतात. दिव्यावर जो प्रकार लिहिलाय तोच घाला.

आता निशाणा, ज्यावर सगळं अवलंबून आहे. टायरमध्ये हवा बरोबर, टाकीत निम्मं तरी पेट्रोल, ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसलेलं, आणि डिकीत नेहमी सामान असेल तर तेही ठेवा, कारण मागे भार आला की पुढचा झोत वर उठतो. सपाट जागी भिंतीपासून दिव्याच्या काचेपर्यंत ५ मीटर मोजा. दिव्याच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर टेप लावा. तिच्या खाली ७.५ सेंटिमीटरवर दुसरी टेप लावा. झोताची वरची रेघ या दुसऱ्या टेपवर आली पाहिजे. हा दीड टक्क्याचा उतार झाला. दिवा ४५ सेंटिमीटर उंचीवर असेल तर झोताची कड रस्त्याला बरोबर ३० मीटरवर टेकते. दोन्ही रेघा एका पातळीत आणि भिंतीवर दोन्ही झोतांच्या मध्यांमधलं अंतर दिव्यांमधल्या अंतराइतकं असावं. आत वळवले तर कडा अंधारात राहतात. दाट धुक्यात अजूनही चमक वाटली तर १० सेंटिमीटरपर्यंत खाली न्या, म्हणजे दोन टक्के. पण ७.५ सेंटिमीटरच्या टेपहून वर कधीच नको. पट्टीवर बसवलेल्या दिव्याच्या बोल्टला नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) नट घाला, नाहीतर घाटातल्या खड्ड्यांनी आठवडाभरात निशाणा हलतो.

हे ३० मीटर लक्षात ठेवा, कारण वेग त्यावर ठरतो. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. दिसून ब्रेकवर पाय येईपर्यंत दीड सेकंद धरला तर १७ मीटर, ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी १२. झाले २९. ताशी ६० ला हाच हिशोब ५० मीटरच्या पुढे जातो, म्हणजे उजेडाच्या हद्दीबाहेर. चांगल्या फॉग लॅम्पने गाडी रस्त्याच्या कडेत राहते, वेग वाढवायची मुभा त्याने मिळत नाही. दाणोली सोडून चढ लागला आणि धुकं उतरलं की लो बीम आणि फॉग लॅम्प, हाय बीम बंद. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावून जाऊ नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. धुकं सरलं की फॉग लॅम्प बंद करा.

एक आनुषंगिक गोष्ट. घाटात ‘दिसत नाही’ यातला मोठा हिस्सा कधीकधी समोरच्या काचेचा असतो. आतून काचेवर तेलकट थर जमतो आणि प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसतं. ती आतून पुसा, एसी चालू ठेवून हवा काचेवर सोडा, आणि हेडलाइटचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर तेही घासून घ्या. यावर खर्च फारसा नाही आणि फरक पहिल्याच रात्री कळतो.

काम झालं की बॅटरी जोडा, दहा मिनिटं दोन्ही दिवे चालू ठेवा आणि फ्यूज होल्डर, वायर, कपलर यांना हात लावून बघा. कोमट चालेल, रिलेचं अंगही कोमट राहतंच. चटका बसत असेल तर तो क्रिम्प सैल आहे, कापून नवा करा. मग मीटरने आधीसारखीच गळती पुन्हा मोजा. वर सांगितलेल्या वायरींनी पॉझिटिव्ह बाजूला ०.२ च्या आसपास यायला हवी. दिव्याच्या आत हलका दमटपणा येऊन पंधरा-वीस मिनिटांत जात असेल तर काळजी नाही, दिव्याला श्वास घ्यायची नळी असते. ती सिलिकॉनने बुजवू नका. पाणी तळाशी साठून हलताना दिसत असेल तर मात्र मागचं सील बसलेलं नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा कपलर काढून आत पाणी शिरलंय का बघा, अर्थचा बोल्ट पान्याने आवळून पाहा, आणि भिंतीवरची टेप तशीच ठेवली असेल तर निशाणाही ताडून घ्या.